पिंट्या, काकू आणि तीन पब

आमच्या ग्रुपमध्ये एक पिंट्या आहे. प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये असतोच, त्यात विशेष काही नाही. पण आमचा पिंट्या गेली सहा वर्षं इंग्लंडात, रेडिंगला आयटीमध्ये आहे आणि ऑफिसच्या एका पार्टीत बायकोनं त्याला चारचौघांत या नावानं हाक मारली, तेव्हापासून त्याचे गोरे कलीग्ज त्याच्याकडे जरा जास्तच आदरानं बघतात. तिकडे पाइंट म्हणजे बिअरचं माप, ५६८ मिलिलिटर. आईबापांनी पोराचं नावच त्यावरून ठेवलं, म्हणजे घराणं केवढं खानदानी असेल!

खरी गंमत अशी, की या घराण्यात बिअर हा शब्दसुद्धा काढत नाहीत. कारण पिंट्याचा मामा. मामांबद्दल पुढे सांगते.

ऑक्टोबरात मी रेडिंगला मैत्रिणीकडे राहायला होते आणि तेव्हाच एका शनिवारचा प्लॅन ठरला. शहरातले झगमगीत बार नकोत, मोठ्या स्क्रीनवर फुटबॉल दाखवणारे अड्डे तर नकोतच. खेड्यातले जुने पब बघायचे आणि तिथली 'रिअल एल' प्यायची. प्लॅन करणारे होते पिंट्याचे पहिले मॅनेजर. आता रिटायर झालेत, सत्तरीला आलेत. आम्ही त्यांना 'साहेब' म्हणतो आणि त्याचा अर्थ ठाऊक असल्यामुळे ते दर वेळी लाजतात. रिअल एल म्हणजे साहेबांचा धर्मच म्हणा ना. १९७१ मध्ये चार ब्रिटिश तरुणांनी आयर्लंडच्या सहलीत एका बारमध्ये बसून 'कॅम्रा' नावाची चळवळ काढली, साहेब त्या चळवळीचे जुने मेंबर. त्या काळी मोठमोठ्या कंपन्या बिअर गाळून, पाश्चराइज करून, गॅस भरून पिंपातून विकायला लागल्या होत्या आणि जुनी, पिंपातच मुरणारी बिअर संपत चालली होती. या मंडळींनी तिला नावच दिलं, रिअल एल. खरी बिअर! पुढे १९८१ मध्ये तो शब्द ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही गेला. त्यांचं पहिलं छापील 'गुड बिअर गाइड' १९७४ चं. त्यात एका बड्या कंपनीच्या बिअरबद्दल इतकं जहाल लिहिलं होतं म्हणे, की ते वाक्य बदलून पुन्हा छापावं लागलं. चळवळ असावी तर अशी.

तर गाडी ठरली, नऊ सीटर. पिंट्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, दारूचं वावडं आणि ड्रायव्हिंगचं वेड. त्यामुळे ड्रायव्हर कोण हा प्रश्न निकालात. (इंग्लंडात रक्तात १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंत गाडी चालवता येते, आपल्याकडे ही मर्यादा ३० आहे. पण वहिनीचं मत असं, की मर्यादा शून्य ठेवली की गणित करावं लागत नाही.) आणि मग प्लॅनला सुरुंग लागला. नाशिक रोडहून आलेल्या पिंट्याच्या आईला, म्हणजे काकूंना, घरी एकटं कसं ठेवायचं?

आदल्या रात्री पिंट्यानं आम्हाला बाजूला घेऊन ब्रीफिंग दिलं. "आईला सांगितलंय की खेडी बघायला चाललोय. पब हा शब्द कुणीही काढायचा नाही. 'जेवायचं हॉटेल' म्हणायचं. मी तिच्यासमोर लेमोनेड घेणार. कळलं?"

"आणि तिच्यामागे?" माझ्या मैत्रिणीनं विचारलं.

त्याचा प्लॅनही तयार होता. स्ट्रीटली गावाशी आम्ही पाच जण उतरणार आणि टेकडी चढून तीन मैलांवरच्या ऑल्डवर्थला चालत जाणार. वहिनी काकूंना घेऊन गाडीनं पुढे जाणार आणि त्यांना तिथलं जुनं चर्च दाखवणार. चर्चमध्ये चौदाव्या शतकातले नऊ दगडी पुतळे आहेत, एकाच सरदार घराण्यातल्या माणसांचे. गावकरी त्यांना 'जायंट्स' म्हणतात. काकूंना देवळं, लेणी, शिल्पं बघायला तासभर लागतोच. तेवढ्यात आम्ही पबात पोचून पहिला राउंड संपवायचा. काकू चर्चमधून निघाल्या की वहिनी मोबाइलवर कळवणार. एकदम फूलप्रूफ!

स्ट्रीटलीची टेकडी चढताना माझा पार फेस निघाला. पण वर पोचल्यावर मागे वळून बघितलं तर... खाली थेम्स नदी दोन डोंगररांगांच्या मधून वाट काढत चाललेली, पलीकडे गोरिंग गाव (जॉर्ज मायकल शेवटपर्यंत तिथेच राहायचा, २०१६ च्या ख्रिसमसला गेला) आणि अंगावर सपासप वारा. साहेब या वयातही पुढे. आमच्यातला पाचवा मेंबर म्हणजे शुद्ध शाकाहारी सॉफ्टवेअर टेस्टर, अंडं आहे म्हणून केकसुद्धा न खाणारा. तो सगळ्यात मागे. बिअर मात्र पितो. "ती बार्लीची असते," हे त्याचं लॉजिक. त्याचं हे लॉजिक लक्षात ठेवा.

ऑल्डवर्थचं 'द बेल इन' बाहेरून पब वाटतच नाही. एखाद्या सधन शेतकऱ्याचं जुनं घर वाटतं. अडीचशेहून जास्त वर्षं ते एकाच कुटुंबाकडे आहे. कॅम्राचा 'नॅशनल पब ऑफ द इयर' हा किताब त्याला दोनदा मिळाला, १९९० मध्ये आणि पुन्हा २०१९ चा. आत बार काउंटर नाही. भिंतीत काचेची एक खिडकी आहे, जुन्या पोस्टात असायची तशी. तिच्यासमोर उभं राहायचं, हवं ते सांगायचं, ग्लास हातात येतो. काळ्या पडलेल्या तुळया, पेटलेला स्टोव्ह, भिंतीवर एकच काटा असलेलं जुनं घड्याळ. तास कळतो, मिनिटांशी कुणाला देणंघेणं नाही. गाणी नाहीत, टीव्ही नाही, खेळायची मशिनं नाहीत.

आणि मोबाइलला बंदी!

हे शेवटचं साहेबांना माहीत होतं, पण त्यांना प्लॅनमधलं निम्मं मराठी कळलंच नव्हतं. आम्ही दार ढकलून आत गेलो तर स्टोव्हशेजारच्या बाकावर, मांडीवर शाल आणि हातात कॉफीचा कप घेऊन काकू बसलेल्या. चर्चमध्ये गारठा होता म्हणून दहा मिनिटांत बाहेर पडल्या, टॉयलेट कुठे आहे विचारत थेट इथे शिरल्या आणि मोबाइल बंद करून बसलेली वहिनी आमच्याकडे बघून नुसते डोळे मोठे करत होती. काकूंच्या शेजारी ऐंशीच्या घरातली एक गोरी आजी. आजीपुढे अर्धा पाइंट, पायाशी कुत्रा. आजीला मराठी येत नाही, काकूंना इंग्रजी जेमतेम, आणि दोघींच्या गप्पा जोरात चाललेल्या. विषय गुडघे.

"ये रे," काकू म्हणाल्या, "इथे फार छान ऊब आहे. पब म्हणजे काय, ते या बाई सांगत होत्या. पब्लिक हाउस. म्हणजे आपली चावडीच की!"

पिंट्यानं आवंढा गिळून स्वतःसाठी लेमोनेड सांगितलं. इथवर ठीक होतं. पण इंग्लंडात राउंडची पद्धत असते. ज्यानं त्यानं आपापलं घ्यायचं नाही. एकानं सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्यानं. साहेब खिडकीशी गेले, ट्रे भरून घेऊन आले आणि पिंट्यापुढे तांबूस बिअरचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवून प्रेमानं म्हणाले, "युअर युजुअल!"

शांतता. टेस्टर तुळया मोजायला लागला. मी कुत्र्याला कुरवाळायला खाली वाकले.

"युजुअल म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"नेहमीचं," वहिनीच्या तोंडून निघून गेलं. बिचारी! भाषांतराची सवय.

काकू पिंट्याकडे बघत राहिल्या. पिंट्या ग्लासकडे. मग काकूंनी मान वळवली आणि साहेबांना विचारलं, "हे करतात कसं?"

आपण पोराला झापणार तर एकांतात, परक्यांसमोर नाही, हा त्या पिढीचा फंडा मला माहीत होता. पण मला वाटलं होतं, की त्या निदान उठून बाहेर तरी जातील. त्या गेल्या नाहीत. साहेब सांगत गेले, आम्ही मराठी करत गेलो. बार्लीला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. गरम पाण्यात भिजवून तिचा गोडवा उतरवायचा. कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालून उकळायचं. यीस्ट घालायचं. इथपर्यंत सगळ्याच बिअरचं सारखं. पण साधी बिअर इथे गाळून मारून टाकतात. रिअल एल जिवंतपणीच पिंपात भरतात. पबाच्या तळघरात आल्यावरही यीस्ट काम करतच असतं. पबवाल्यानं पिंप आडवं ठेवायचं, लाकडी खुंटीतून गॅस थोडा जाऊ द्यायचा, गाळ बसू द्यायचा, तयार झाली की नाही ते चाखून ठरवायचं. तळघर अकरा ते तेरा डिग्री. म्हणजे 'इंग्रज कोमट बिअर पितात' हे खोटं. फक्त आपल्यासारखी दात शिवशिवेपर्यंत थंड करत नाहीत. आणि पिंपाला एकदा तोटी लावली की तीनेक दिवसांत संपवायची, नाहीतर आंबट.

"म्हणजे विरजण," काकू म्हणाल्या. "पिशवीतलं दूध आणि घरचं दही, असा फरक. ज्याच्या हाताला चव असेल त्याचंच चांगलं लागणार."

साहेबांना भाषांतर सांगितलं तर ते खूश! पन्नास वर्षांत कॅम्रानंही इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं म्हणे.

चवीचं म्हणाल, तर आपल्या सवयीला पहिला घोट फिका वाटतो. मी घेतली ती आर्केल्सची 'थ्री बी', शेजारच्या स्विंडनची ब्रुअरी, १८४३ पासूनची. चार टक्के. आपल्याकडच्या 'स्ट्राँग'च्या जवळपास निम्मी. फेस फारसा नाही, नाकात गॅस चढत नाही. थोडं बिस्किट, थोडा कारल्यासारखा कडवटपणा मागून. अर्ध्या ग्लासानंतर कळतं, की ही चढण्यासाठी नाहीच. ही हातात धरून तासभर बोलत बसण्यासाठी आहे. सोबत गरमागरम पाव, आत चीज. बस्स! मेन्यू तेवढाच.

मला आणखी एक गोष्ट दिसत होती. ती आजी एकटी आली होती. अर्धा पाइंट घेऊन एकटी बसली होती आणि तिच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. पलीकडे एक बाप दोन लहान पोरांना पाव भरवत होता. आपल्याकडच्या परमिट रूममध्ये मी कामासाठी दोनदा गेले आहे. काळ्या काचा, दिवसा ट्यूबलाइट, आणि दारातून आत पाऊल टाकलं की वीस माना वळतात. इथे काचेतून शेत दिसत होतं.

गप्पांत साहेब घरांच्या किमतींबद्दल काहीतरी म्हणाले, की लोक अगदी 'डूलाली' झालेत. म्हणजे वेडे झालेत. पिंट्याची ही हक्काची एंट्री! (त्याला त्या दिवशी तशी एकच मिळाली.) हा शब्द आला आपल्या देवळालीवरून. १८६१ मध्ये तिथे ब्रिटिशांचा कॅम्प झाला. मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे पडून असायचे. जहाजं फक्त हिवाळ्याच्या मोसमात सुटायची. ज्याचं जहाज चुकलं तो उन्हाळा, पावसाळा तिथेच. काम नाही, ऊन मरणाचं, दारू आणि दुखणी भरपूर. डोकं फिरायचं. त्याला ते म्हणायचे 'डूलाली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीनं 'डूलाली' हे नाव उगाच नाही घेतलं.

आजी टाळ्या वाजवायला लागली. जन्मभर हा शब्द वापरला, पण तो एका गावाचा आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"देवळाली माझं माहेर," काकू मराठीत, स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "आमच्या भाऊलाही तोच ताप होता. आठ वर्षांत स्टेशनकडची जमीन गेली, मग तो गेला."

साहेबांनी विचारलं, काय म्हणाल्या? पिंट्यानं भाषांतर केलं नाही. आम्हीही नाही.

दुपारी पब बंद व्हायची वेळ झाली. हो, पुण्याच्या दुकानांसारखाच! पहिल्या महायुद्धात कारखान्यातले कामगार दुपारी झिंगू नयेत म्हणून सरकारनं पबांना दुपारी टाळं लावलं आणि इंग्लंडातून तो नियम जायला १९८८ उजाडलं. काही जुन्या पबांनी सवय सोडली नाही. मला तरी त्यात गैर वाटत नाही. मालकालाही झोप असते.

तिथून गाडीनं थेम्स ओलांडून अर्ध्या तासावर स्टोक रो. तिथल्या पबाआधी साहेबांनी आम्हाला रस्त्याकडेच्या एका विहिरीशी उतरवलं. बघितलं आणि आम्ही सगळे हसायलाच लागलो. इंग्लंडच्या खेड्यात, भर थंडीत, लोखंडी खांबांवर घुमट आणि घुमटाखाली रहाटावर सोनेरी हत्ती! ही 'महाराजांची विहीर'. महाराज कुठले, तर काशीचे. ईश्वरीप्रसाद नारायण सिंह.

गोष्ट अशी. या टेकड्या खडूच्या दगडाच्या. पाणी टिकत नाही. गावकरी डबक्यातलं पाणी प्यायचे आणि उन्हाळ्यात तेही आटायचं. जवळच्याच इप्सडनचा एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होता. त्यानं महाराजांना लहानपणीची एक आठवण सांगितली होती. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला मार खावा लागला होता. महाराजांच्या ते लक्षात राहिलं. १८५७ नंतरचा काळ, साहेबांशी दोस्ती ठेवण्यात राजकारणही असणारच. पण खर्च त्यांनी केला, सुमारे साडेतीनशे पाउंड. ३६८ फूट खोल विहीर माणसांनी हातांनी खणली, व्यास फक्त चार फूट. २४ मे १८६४ ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, ती गावासाठी उघडली आणि पुढची सत्तरेक वर्षं गाव तिचं पाणी प्यालं. बादली वर आणायलाच कितीतरी मिनिटं लागायची.

हसणं सगळ्यात आधी काकूंचं थांबलं. सिन्नरकडच्या सासरी त्यांनी पहिली काही वर्षं विहिरीवरून पाणी वाहिलेलं. त्या कठड्याशी बराच वेळ उभ्या होत्या. "पाण्यासाठी मार खाल्लेलं पोर," एवढंच म्हणाल्या, आणि मग, "रहाट जड असणार हो." 

शेजारच्या पबात मात्र धमाल झाली. तो पब ब्रॅकस्पिअरचा. शेजारच्या हेन्लीत त्यांची जुनी ब्रुअरी होती, ती २००२ मध्ये बंद पडली. नंतर ही बिअर विटनीला व्हायची, तिथलीही ब्रुअरी २०२३ मध्ये बंद झाली. नाव तेच, पाट्या त्याच, पिंप दुसरीकडून येतं. साहेब हे सांगताना ग्लासाकडे अशा नजरेनं बघत होते, की जसं काही एखाद्या मित्राचा आवाज दुसऱ्याच कुणाच्या गळ्यातून येतोय. आम्हाला फरक कळत नव्हता. बिअर छान लागत होती.

टेस्टरचा हा तिसरा ग्लास. तो सहज म्हणाला, "इतकी जिवंत बिअर, गाळलेली नाही, मग गढूळ का दिसत नाही?" व्यवसायच तो, बग शोधण्याचा. साहेबांनी निरागसपणे सांगितलं, "आयझिंग्लास." म्हणजे काय? म्हणजे माशाच्या पोटात हवेची पिशवी असते ना, ती वाळवून केलेलं द्रावण. पिंपात टाकलं की यीस्टला धरून तळाशी बसतं.

टेस्टरनं ग्लास खाली ठेवला. हळूच. चार वर्षं... आठवड्याला तीन... तो मनात गुणाकार करत असणार. आम्ही टेबलावर डोकं ठेवून हसत होतो. काकूंनीच त्याची समजूत काढली, "नकळत खाल्लेल्याचं पाप नसतं रे. पण आता कळलं ना?" बारमागच्या मुलीनं सांगितलं, की हल्ली हे द्रावण न घालता थोडी धुरकट ठेवलेली एलही मिळते, विचारून घ्यायची. गिनेसनंसुद्धा काही वर्षांपूर्वी माशाला सुट्टी दिली. शाकाहारी मंडळींनो, तिकडे गेलात तर पहिला प्रश्न हाच. आणि लाजू नका. चाखून बघायला घोटभर मागितलं तरी कुणी तोंड वाकडं करत नाही.

आता राउंड कुणाचा, याचा हिशेब सुरू झाला. पिंट्याचा झाला होता, माझा झाला होता. तेवढ्यात काकू पर्स घेऊन उठल्या.

"आई, तू कशाला?"

"सकाळपासून सगळ्यांनी मला पाजलं. कॉफी काय, लेमोनेड काय. मी फुकट बसू?"

ज्या बाईनं भावाच्या पायी बाटलीचा नुसता वास आला तरी पदर नाकाला लावला, ती बाई बारशी जाऊन उभी राहिली. मी मदतीला मागे गेले. काकूंनी बोटांवर मोजत सांगितलं: साहेबांना त्यांचं, या मुलींना त्यांचं, सुनेला आणि मला लेमोनेड, या मुलाला मासा नसलेलं. मग टेबलाकडे वळून बघितलं. पिंट्या कॉलेजच्या पोरासारखा मान खाली घालून बसला होता.

"आणि त्याला," काकू म्हणाल्या, "अर्धा."

पिंट्यानं तो अर्धा पाऊण तास पुरवला.

तिसरा पब साहेबांच्या गावाबाहेरचा. ते आम्हाला तिथे न्यायला सुरुवातीपासून उत्सुक होते. लग्नाआधी बायकोला ते तिथेच भेटायचे. ती आता नाही. संध्याकाळी पोचलो तर खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दाराशेजारी घरात रूपांतर करण्याच्या अर्जाची नोटीस. साहेबांना ते माहीत होतं. महिन्यापूर्वीच बंद झाला होता. तरी त्यांनी आम्हाला आणलं.

कारणं विचारली तर साहेबांनी रागानं बोटं मोडत सांगितली. सुपरमार्केटात बिअर पबाहून कितीतरी स्वस्त. पब कंपनीच्या मालकीचा असेल तर चालवणाऱ्यानं बिअरही तिच्याकडूनच, ती म्हणेल त्या भावानं घ्यायची. २०२२ नंतर विजेची बिलं आकाशाला भिडली. तरुण पोरं पूर्वीइतकी पीत नाहीत (याचं त्यांना दुःख होतं, मला नाही). आणि सगळ्यात मोठं म्हणजे, खेड्यातल्या जुन्या पबाचं घर करून विकलं की कित्येक वर्षांच्या धंद्याहून जास्त पैसे. काही गावं लढतात. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी २००३ मध्ये वर्गणी काढून गावचा 'ओल्ड क्राउन' विकत घेतला, देशातला पहिला सहकारी पब. सहकार म्हटल्यावर पिंट्या आणि मी एकमेकांकडे बघितलं. साखर कारखाना, दूध संघ, पतपेढी... पण सहकारी पब! साहेबांच्या गावात मात्र कुणी पुढे आलं नाही.

"बंद झाला तर चांगलंच नाही का?" हे काकूंनी विचारलं. चेष्टेनं नाही. "इथे बसलेली माणसं चांगली होती, मी बघितलं. पण घरी वाट बघत बसलेल्या बायका मला इथे दिसणार नाहीत. त्या घरीच असतात."

पिंट्यानं हे मात्र नीट भाषांतर करून सांगितलं. शब्द न गाळता.

साहेब थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, तुमचं बरोबर आहे. माझे वडीलही घरी उशिरा यायचे. आई दिवा लावून बसायची. पण बायको गेल्यावर मी वर्षभर रोज संध्याकाळी इथे येऊन बसलो. रोज एक ग्लास. तो फक्त निमित्ताला. आता रोज संध्याकाळी मी कुठे जायचं, तेवढं सांगा.

याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. पबासमोरचा लाकडी बाक अजून तिथेच होता. काकूंनी गाडीतून पिशवी काढायला लावली; चिवड्याचा डबा, शंकरपाळे, थर्मासमध्ये चहा. बंद पबाच्या अंगणात आम्ही सात जण दाटीवाटीनं बसलो. अंधार पडेपर्यंत. साहेबांनी चिवडा तिखट आहे म्हणत तीनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंट्याकडे नाश्त्याला गेले, तेव्हा काकू देवळालीला भावजयीशी फोनवर बोलत होत्या. विहीर सांगितली. सोन्याचा हत्ती सांगितला. ऐंशीच्या घरातली बाई कुत्रं घेऊन एकटी बसली होती, ते दोनदा सांगितलं. साहेबांना मंगळवारी जेवायला बोलावलंय, पुरणपोळी करणार, तेही झालं.

बिअरचं काही बोलल्या नाहीत. अर्ध्याचंही नाही.